जरीनाचं खातं

आमचं दुकान बंद झालं तेव्हा उधारीच्या वह्या आईने बंबात घातल्या. येणं काही येणार नव्हतं आणि जुना कागद चांगला पेटतो, एवढा सरळ तिचा हिशोब. त्यातली एक वही मी काढून ठेवली. लांबट, लाल कापडाच्या पाठीची, कडेला रॉकेलचा डाग पडलेली. तिच्यात एक पान असं आहे की ज्यावर आमचं येणं नाही, देणं आहे. वर बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, ‘साखरीनाटे, भंडारी चाची’. खाली तांदूळ, गोडेतेल, साबण, चहापूड, मग एक आडवी रेघ आणि तिच्याखाली बाबांची शेवटची ओळ : जमा रु. 388. महिना जून, साल 1984.

ऋणानुबंध हा शब्द लग्नपत्रिकांनी आणि निरोपसमारंभांनी इतका गुळगुळीत करून टाकलाय की तो उच्चारायलाही मला संकोच वाटतो. पण माझा ऋणानुबंध वहीत लिहिलेला आहे, आकड्यासकट. त्यामुळे मला तो शब्द वापरायचा थोडा जास्त हक्क आहे असं मी धरून चालतो.

भंडारी हे चाचीचं आडनाव नव्हे. तिचा नवरा बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. सारंग, टंडेल, भंडारी हे आमच्या किनाऱ्यावर हुद्दे आहेत आणि माणसाला गावात ओळख देण्यापुरते ते पुरे पडतात. चाचा अकरा-अकरा महिने बोटीवर असायचा. मनिऑर्डर कधी वेळेवर यायची, कधी यायची नाही. मधल्या काळात चाचीचं घर आमच्या दुकानाच्या वहीवर चालायचं. बाबांनी तिला कधी तगादा लावला नाही. ‘समुद्रावरचा पैसा आहे, वाऱ्याने उशीर होतो,’ म्हणायचे.

नाटे हे राजापूर तालुक्यातलं गाव, जैतापूरच्या खाडीच्या उत्तरेला. ‘मी नाट्यात राहतो’ म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक कोणत्या नाटकात काम करता म्हणून विचारतात. खाडीच्या काठाला यशवंतगड, पुढे मुसाकाजी बंदर, त्याच्या पलीकडे आंबोळगड. आणि साखरीनाटे ही मच्छीमारांची दाट वस्ती. शाळा सुटली की सायकलवर वाणसामान घेऊन मी तिकडे जायचो. 1978 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी सातवीत. मागच्या कॅरिअरला तांदळाची पिशवी, हँडलला तेलाची किटली. चाचीच्या दारातल्या गडग्याला मी सायकल टेकवली आणि पिशवी सोडायला मागे वळलो. सायकल घसरली ती गडग्यावरचे तीन डबे घेऊनच खाली आली.

तेलाचे जुने डबे. त्यात लाल फुलांची झाडं होती. एवढ्या वर्षांत ती मी शंभर वेळा बघितली असतील, पण झाड म्हणून कधी बघितली नव्हती. देठ जाड, रसरशीत; गवारीची कोवळी शेंग मोडावी तसे कटकन मोडले होते. आणि वास सुटला होता. फुलाचा नव्हे, पानाचा. तांब्याची घागर चिंचेने घासताना येतो ना, त्याच्या आसपासचा, उग्र आणि जरा तुरट. पुढे चाळीस वर्षं मी हा वास कशासारखा आहे ते ठरवतोय आणि दर वेळी घागरीवरच येऊन थांबतो.

चाची बांगडे साफ करत होती. खवल्यांच्या हातांनी तशीच बाहेर आली.

“तेल सांडलं काय?”

“नाही.”

“मग रडतोस कशाला?”

हात धुऊन तिने एक सूप आणलं आणि मोडलेले तुकडे एकेक करून त्यात आडवे मांडले. अकरा भरले. मी शहाणपणा करून तांब्याभर पाणी आणायला निघालो, तर तिने मनगट धरलं. “पानी दाखवू नको त्यांना. उद्या शाळा सुटली की ये.”

दुसऱ्या दिवशी सूप पडवीच्या सावलीत होतं. देठांची मोडलेली टोकं सुकून त्यांच्यावर पातळ कातडी धरली होती, गुडघ्यावरच्या खरचटण्यावर खपली धरते तशी. ही खपलीच हवी होती. ओल्या जखमेचा तुकडा मातीत घातला की तिथून कुज शिरते, हे मला पुढे पुस्तकात सापडलं, चाचीने एवढंच म्हटलं, “आता घाव भरला.” मग कोयतीने नाही, दाढीच्या जुन्या पात्याने तिने प्रत्येक तुकडा पेराच्या जरा खाली सरळ कापला. चार-चार बोटांचे तुकडे. ते परत तासभर सुकवले. खालची पानं काढली, वरची दोन-तीन ठेवली, आणि एका तुकड्याला आलेला कळ्यांचा झुपका मुळापासून खुडून टाकला. मला हळहळ वाटली. ती म्हणाली, “आधी मूळ.”

वाळू पऱ्ह्याची, म्हणजे ओढ्याची. समुद्र दाराशी असून ती वाळू आणायला वरच्या पऱ्ह्यापर्यंत जायची, कारण किनाऱ्याची वाळू खारी. ती वाळू, चाळलेलं थोडं जुनं शेणखत आणि चिऱ्याचा बारीक चुरा. चिऱ्याच्या खाणी आमच्याकडे पाचवीला पुजलेल्या. त्यांचा हा एवढाच उपयोग मला मनापासून पटलेला आहे. काडीने भोक पाडायचं, तुकडा सोडायचा, बोटांनी माती दाबायची. एकदाच पाणी. नंतर रोज येऊन बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसून बघायचं. ते कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर बोट पुसून घरी जायचं.

हे बोट खुपसायचं काम मला लागलं. ही शिक्षा आहे असं मला वाटलं होतं. पंधरा-सोळा दिवस मी रोज गेलो आणि त्यातले बारा-तेरा दिवस नुसतं बोट पुसून घरी आलो. काही न करता परत यायचं, हे बारा वर्षांच्या मुलाला फार जड जातं. पन्नाशीतल्या माणसालाही जातं.

अकरापैकी सात जगले. चार खालून काळे पडले, शाई चढावी तसा काळा रंग देठातून वर सरकत गेला. ‘पाय काळा झाला’ म्हणायची ती याला. काळ्या पायाचं झाड ती वाचवायच्या भानगडीत पडत नसे; मातीसकट चुलीत. जगलेल्या सातातलं एक तिने मला दिलं. सगळ्यांत वाकडं होतं.

“हे का?”

“तुज्यासारखं हाय म्हणून.”

त्या झाडाला ती जरीना म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, साखरीनाट्यातल्या कुणा जरीनाने दिलेलं झाड असेल. खूप नंतर उलगडलं की जिरेनियम या नावाला तिने घरात घेऊन, माणसात आणून, कोकणी करून टाकलं होतं. मीही घरात जरीनाच म्हणतो. नर्सरीवाल्याशी बोलताना जिरेनियम म्हणतो, तेव्हा परक्या माणसाचं नाव घेतल्यासारखं होतं.

आता पावसाचं सांगतो, कारण खरी कथा तिथेच आहे. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. ज्या झाडाच्या देठातच पाणी साठवलेलं आहे, ज्याला ओल्या मातीचा तिटकारा आहे, ते झाड नाट्याच्या आषाढात जगवणं हा जवळपास वेडेपणा. चाचीचा वेडेपणा रोहिणीत सुरू व्हायचा. मृगाच्या आधी सगळे डबे गडग्यावरून उतरवून पडवीत, पागोळ्यांच्या आत दोन हात. झाडं निम्म्यावर छाटायची. नुसत्या काड्या आणि वर चार पानं. छाटलेल्या शेंड्यांचे तुकडे करून काही रोपं वेगळी ठेवायची, म्हणजे म्हातारी गेली तर तरणी हाताशी.

पडवीला झाप बांधायचे. झावळ्यांचे विणलेले झाप, पावसाची झड आत येऊ नये म्हणून सगळी गावं बांधत. पण चाचीच्या पडवीत खालच्या बाजूला हातभर जागा उघडी असे. चाचा एकदा पावसाळ्यात घरी आला, त्याला ते बघवेना, त्याने तिथेही झाप लावला. पंधरा दिवसांत पानांवर राखाडी बुरशी आली. झाप निघाला. चाचा परत बोटीवर गेल्यावर ती मला म्हणाली, “भातात हुशार हाय मानूस, वाऱ्यातलं कळत नाय.” समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाबद्दल हे ऐकून मी खूप हसलो होतो.

त्या चार महिन्यांत ती झाडांना जवळजवळ पाणीच देत नसे. हवाच इतकी ओली की मिठाच्या बरणीत पाणी साचावं. सकाळी पिवळं पडलेलं पान काढायचं, गळलेली पाकळी डब्यात राहू द्यायची नाही, संध्याकाळी नारळाच्या सोडणांचा धूर करायचा. धूर मच्छरांसाठी होता; झाडांनाही मानवतो असं ती म्हणायची. माझं मत विचाराल तर ती हातभर उघडी फटच खरं काम करत होती. पण धुराच्या विरोधात बोलायची माझी हिंमत झाली नाही, आणि आज माझ्या पडवीतही मी सोडणं पेटवतो.

पाऊस ओसरला की हळूहळू उन्हात. एकदम नाही, आठ दिवस सकाळचं, मग दुपारपर्यंतचं. दिवाळीच्या सुमाराला पहिला लाल झुपका. मग मार्चपर्यंत काय ती मजा! झुपका सुकला की नुसती फुलं ओरबाडायची नाहीत, दांडा जिथून निघालाय त्या पेरापासून खाली वाकवून मोडायचा. तसा तो सहज सुटतो. एप्रिल-मेत फूल थांबतं, झाड रुसून बसतं. तेव्हा दुपारची सावली द्यायची आणि खतपाण्याची मनधरणी करायची नाही.

ही मनधरणी मी केली. माझं वाकडं झाड आमच्या मागच्या दारी होतं. आमच्याकडे मासळी धुतलेलं पाणी माडांना घालतात, आणि माड कसे तरारतात ते मी बघत होतो. मी रोज एक वाटी जरीनाला घालू लागलो. महिन्याभरात पानं तळहातापेक्षा मोठी झाली, हिरवीगार, पानावरचा तो घोड्याच्या नालासारखा तपकिरी पट्टासुद्धा पुसट झाला. फूल एक नाही. वर मांजरं दोनदा डबा उकरून गेली. मी मोठ्या अभिमानाने पान तोडून चाचीला दाखवायला नेलं. तिने ते हुंगलं आणि फेकून दिलं. “हे झाड हाय काय बोकड? खाऊन माजलंय.” मग चुलीतली चिमूटभर राख घालायला लावली, तीही पंधरवड्यातून एकदा, आणि मुळं डब्याला दाटली तरी मोठा डबा द्यायचा नाही म्हणून बजावलं. जरा अडचणीत असलं की फुलतं. नत्राने पाला येतो, पालाशने फूल, हे मी पुढे कॉलेजात शिकलो तेव्हा मला मांजरं आठवली.

त्याच हिवाळ्यात तिने मला बी दाखवलं. झुपक्यातलं एखादं फूल ती मुद्दाम ठेवायची. पाकळ्या गळाल्या की मधून एक लांब चोच निघते, पक्ष्याच्या चोचीसारखी. ती सुकून उकलली की प्रत्येक बीला एक शेपटी असते, मळसूत्रासारखी पिळलेली, कडेला रेशमी केस. चाचीने माझा तळहात ओला केला, त्यावर बी ठेवलं. “आता बघ.” ओल लागली तशी शेपटी उलगडू लागली आणि बी हातावर गरगर फिरलं. जिवंत किडा असावा तसं. मी हात झटकला आणि ते हरवलं. जमिनीवर पडलेलं बी या फिरण्याने स्वतःच मातीत शिरतं. चाचीला त्याचं कारण वगैरे काही नको होतं. “नाचतंय,” म्हणाली आणि दुसरं बी स्वतःच्या हातावर घेतलं.

1984 च्या मे महिन्यात बाबांना अर्धांग झालं. दुकानावर आई बसायला लागली. गावाला अशा गोष्टी माणसाआधी कळतात. ज्यांच्याकडे मोठं येणं होतं ते दुसऱ्या पाखाडीने जायला लागले. मी बारावी झालो होतो, रत्नागिरीला कॉलेजात जायचं ठरलं होतं, ते आता न ठरल्यासारखं झालं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं, हाच त्यातला निर्णय.

जूनमध्ये भर पावसात चाची दुकानात आली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. “वही काढ.” बाबा आत खाटेवर होते, मी वही काढली. तिच्याकडे 212 रुपये निघत होते. तिने 600 ठेवले.

“चाची, जास्त आहेत.”

“बाकीचं जमा धर. पावसात सामान लागंल, तवा नेईन.”

मी वही आत नेली. बाबांना उजवा हात हलवता येत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने, माझ्या पेनने, ती ओळ स्वतः लिहिली. वहीतलं तेवढं एक अक्षर वेगळं आहे, पोराने काढल्यासारखं. म्हणूनही ती वही मी बंबात जाऊ दिली नसेल.

दुकान दिवाळी बघणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं आणि चाचीलाही. दुकानाच्या फळ्यांवर तेव्हाच निम्मी जागा मोकळी होती. त्या 388 रुपयांत माझी फी, पुस्तकं आणि रत्नागिरीचे सुरुवातीचे दिवस निघाले. बाबा श्रावणात गेले. चाची सामान न्यायला कधीच आली नाही.

नोकरी लागल्यावर, 1991 साली, मी पाचशे रुपये पाकिटात घालून साखरीनाट्याला गेलो. तिने पाकीट उघडलंसुद्धा नाही. “जमा सामानाचं हाय. सामान दे.”

“दुकान बंद झालं ना चाची.”

“मग उघड.”

यावर काय बोलणार? मी निघालो तर म्हणाली, “जरीना कशी हाय?” माझं वाकडं झाड आईने सांभाळलं होतं. पुढच्या खेपेला मी त्याचा एक तुकडा रुजवून तिला नेऊन दिला. तो तिने घेतला. तेव्हापासून दरसाल दिवाळीनंतर एक रोप तिला द्यायचं असं होऊन गेलं, आणि ती ते ठेवायची नाही. कुणा सासरी जाणाऱ्या मुलीला दे, शाळेला दे, पलीकडे जैतापूरला कुणाला दे. एकदा मी विचारलं तर म्हणाली, “माज्याकडं हाय की.” त्या त्या वर्षी मी वहीच्या पानावर नोंद करायचो : रोप 1. भावाचा रकाना कोरा. बाबांचा नियम होता, भाव न लिहिलेली नोंद बेरजेत धरायची नाही. त्यामुळे जमा 388 तसंच.

रत्नागिरीला असताना मला नगर वाचनालयाचा नाद लागला. 1828 सालचं वाचनालय ते. तिथे एका जाड इंग्रजी ज्ञानकोशात मी जरीनाचं कूळ शोधून काढलं आणि थक्क झालो. एक तर तिचं नावच चुकीचं. खरं नाव पेलार्गोनियम. लिनियसने 1753 साली युरोपातल्या रानटी जिरेनियमच्या घरातच हिलाही टाकलं; फ्रान्सच्या लेरितिएने 1789 साली वेगळं घर दिलं, पण तोवर माळ्यांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं, ते आजतागायत उठलेलं नाही. दोन्ही नावं ग्रीक आणि दोन्ही त्या बीच्या चोचीवरून. एक क्रौंचाचं, दुसरं करकोच्याचं. म्हणजे चाचीने माझ्या हातावर नाचवलं तेच या पंडितांनीही बघितलं होतं.

दुसरं म्हणजे तिचं माहेर. दक्षिण आफ्रिकेचं केप. डच, इंग्रज बोटी पूर्वेकडून मसाले घेऊन परतताना केपला थांबायच्या आणि तिथली झाडं घेऊन युरोपात जायच्या. सतराव्या शतकात आमच्या खाडीतही फिरंगी गलबतं उभी असत; राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीवर शिवाजी महाराजांनी 1661 साली छापा घातला. आणि केपटाऊनचा पाऊसही जून-जुलैतच पडतो! फक्त तो तिथला हिवाळा, आणि पाऊस वर्षभरात मिळून पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आपण जिला उन्हाळ्याच्या तोंडची समजून सांभाळतो ती मुळात कोरड्या उन्हाळ्याची आणि थंड, बेताच्या पावसाची. चाचीची सगळी उस्तवार त्या एका वाक्यात बसत होती.

मग माझं डोकं चालायला लागलं. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे; रत्नागिरी-कुलाब्यातली माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे जाऊन राहिली. चाचा बोटीवर. झाड केपचं. मला सगळं दिसायला लागलं : केपच्या धक्क्यावर चाचा, खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा. शनिवारची यष्टी पकडून मी साखरीनाट्याला गेलो आणि धापा टाकत चाचीला विचारलं.

“केपला लागली व्हती त्येंची बोट, दोनदा,” चाची म्हणाली. मी जिंकल्यासारखा बसलो. “पन झाड? झाड माजगावचं. खोलीवर राहायचे ना गावातले सगळे, तिथं शेजारी किरिस्तावणीच्या खिडकीत व्हतं. तिच्या पोराला ताप आला तवा यांनी पेज करून दिली चार दिवस. तिनं एक डबा दिला.”

“आणि केपहून काय आणलं?”

“छत्री.”

एवढा मोठा समुद्री इतिहास माझा, तो मुंबईत, माझगावच्या म्हातारपाखाडीतल्या एका खिडकीत संपला. घरी येताना थोडा वेळ वाईट वाटलं. पण पेजेचं ऐकून ठेवलं होतं, ते अजून विसरलो नाही.

वाचून मी जरा शेफारलोही. 2003 साली पाचगणीहून रीगल जातीचं रोप आणलं. झालरीच्या पाकळ्या, मध्ये गडद जांभळा डाग, बघतच राहावं असं. त्याला कळी धरायला थंड रात्री लागतात. नाट्याला थंडी ती केवढी. एक हिवाळा नुसती पानं, आणि आषाढात सरळ कुजलं. चाची म्हणाली, “पावनी ती. पावनीला पावसाळाभर ठेवून घेऊ नये.” आयव्हीच्या पानांची लोंबती जात आणली, तिच्या पानांच्या पाठीला बुचासारखे खडबडीत फोड आले, माती ओली आणि हवाही ओली असली की पानाला पाणी बाहेर टाकता येत नाही, त्याचे हे फोड. तिला ‘गोवर’ म्हणून तिने निकालात काढलं. गुलाबी वासाची एक जात मात्र तग धरून राहिली. हल्ली घाटावर शेतकरी तेलासाठी जिरेनियम लावतात ते या वासाच्या कुळातलं. माझ्याकडे येणारे अर्धे लोक मला तेल कितीला जातं म्हणून विचारतात. माझ्या चार कुंड्यांचं तेल काढलं तर एका कानालाही पुरणार नाही.

2011 च्या एप्रिलमध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात नाट्यात गोळीबार झाला, एक माणूस गेला. त्यावर लिहायची ही जागा नव्हे. मी रत्नागिरीला होतो, रस्त्यांवर बंदोबस्त. कसाबसा फोन लागला. चाची म्हणाली, “येऊ नको आता. ऊन वाढलंय, तुजी झाडं सावलीत घे.” मागून बायकांचा आवाज येत होता. तिने फोन ठेवला.

नंतर तिला दिसेनासं होत गेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं तिने करू दिलं नाही. ती झाडं हाताने बघायची. पान दोन बोटांत चोळून नाकाशी न्यायची आणि सांगायची, ही जुनी, ही तुजी, ही वासाची. माती बघायला तिला डोळे कधी लागलेच नव्हते. 2014 साली मुलाने तिला मुंबईजवळ कौशाला नेलं, सहाव्या मजल्यावर. एक डबा बरोबर गेला. बाकीचे चौदा मी टेम्पोत घालून घरी आणले. त्यातला तळ गंजलेला एक उचलताना फुटला, आणि मी पंचेचाळीसाव्या-पन्नासाव्या वर्षी पुन्हा एकदा तिच्या दारात मोडलेले तुकडे वेचत बसलो.

“तेल सांडलं काय?” ती रिक्षातून म्हणाली.

ती 2017 च्या पावसात गेली. मला दोन दिवसांनी कळलं. त्या दिवाळीनंतर मी सवयीने एक रोप रुजवलं आणि ते कुणाला द्यायचं ते सुचेना. शेवटी आंबोळगडच्या रस्त्याला एक चहाची टपरी आहे, तिथल्या बाईला दिलं. वहीत नोंद केली. अजून करतो.

गेल्या नोव्हेंबरात चाचीचा नातू आला, साखरीनाट्याचं घर दुरुस्त करायला. तिशीतला मुलगा, कौशात वाढलेला, मराठीपेक्षा हिंदी बरी. दादीचा डबा तिच्यामागे दोन वर्षं चालला, मग गेला, म्हणाला. “आमच्याकडे पाणी रोज घालायचो, काका, एक दिवस चुकवला नाही.” मी काही बोललो नाही. त्याच्या बायकोला ते झाड हवं होतं.

मी त्याला पडवीत बसवून सूप, खपली, पऱ्ह्याची वाळू सगळं सांगितलं. त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चांगलं मुळावलेलं एक रोप त्याला काढून दिलं, आणि बोटाचं पेर खुपसून दाखवलं. वही बाहेर आणली, पान दाखवलं. बाबांच्या डाव्या हाताच्या ओळीवर त्याने बोट फिरवलं. “मग हे 388 आमचे?” तो हसत म्हणाला.

“तुमचेच. पण सामानाचे आहेत.”

संध्याकाळी मी त्याला मुंबईच्या गाडीवर पोचवायला गेलो. खिडकीजवळ बसला, रोपाची पिशवी मांडीवर. मातीला आदल्या दिवशीच पाणी दिलंय, आता चार दिवस बघायचं नाही, असं मी त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. त्याने मान डोलवली. गाडी सुरू झाली, मी हात वर केला, आणि वळणावर दिव्याखाली बघतो तर त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं होतं आणि तो मोठ्या मायेने पिशवीत पाणी ओतत होता. मी ओरडलो, “अरे, नको!” त्याला वाटलं मी निरोप देतोय. त्याने बाटलीसकट हात हलवला.